यादी, निवड आणि उपलब्धता : मराठी वाचकाच्या ग्रंथशोधाचा इतिहास

१

वाङ्मयाचा इतिहास लिहिताना ग्रंथ आणि वाचक यांची गाठ पडलेलीच आहे, असे सामान्यतः गृहीत धरले जाते. अमुक ग्रंथ अमुक साली प्रसिद्ध झाला आणि त्याने अमुक प्रवाह सुरू केला, अशी विधाने सहज केली जातात. तो ग्रंथ कोणाला ठाऊक होता, कोणत्या दुकानात वा वाचनालयात मिळत होता, एक पुस्तक संपवून दुसऱ्याच्या शोधात निघालेल्या वाचकापर्यंत त्याचे नाव कोणत्या वाटेने पोहोचत होते, हे प्रश्न मात्र बाजूला राहतात. फार तर ग्रंथालयशास्त्राच्या किंवा प्रकाशनव्यवसायाच्या इतिहासात त्यांना जागा मिळते. वाङ्मयीन मूल्यमापनाशी त्यांचा काही संबंध असेल, असे मानले जात नाही.

साहित्याच्या समाजशास्त्राने ही उणीव काही अंशी भरून काढली आहे. रोबेर एस्कार्पी या फ्रेंच अभ्यासकाने १९५८ मध्ये ग्रंथप्रसाराच्या दोन वर्तुळांची कल्पना मांडली. पहिले वर्तुळ सुशिक्षित अभिजनांचे. तेथे लेखक, प्रकाशक, समीक्षक आणि वाचक यांच्यात सतत देवाणघेवाण चालते. दुसरे वर्तुळ लोकप्रिय वाङ्मयाचे. तेथील वाचकाला इतरांनी त्याच्यासाठी निवडून ठेवलेले वाङ्मय मिळते, परंतु त्याचा प्रतिसाद निवड करणाऱ्यापर्यंत परत जात नाही. त्याआधी, १९३१ मध्ये, रंगनाथन यांनी ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रे मांडताना प्रत्येक वाचकाला त्याचा ग्रंथ आणि प्रत्येक ग्रंथाला त्याचा वाचक मिळाला पाहिजे, ही अपेक्षा दोन स्वतंत्र सूत्रांत बांधली होती. ही दोन सूत्रे वरवर एकाच विधानाची दोन रूपे वाटतात. परंतु पहिल्यात शोध वाचकाचा आहे, तर दुसऱ्यात ग्रंथ वाट पाहत आहे. मराठीत अनेक ग्रंथांची ही प्रतीक्षा शंभर वर्षांच्या आसपास लांबली.

या मांडण्या मराठी ग्रंथव्यवहाराला लावून पाहिल्या असता असे दिसते की, वाचकाला पुढचा ग्रंथ मिळणे तीन भिन्न गोष्टींवर अवलंबून असते. कोणते ग्रंथ अस्तित्वात आहेत हे सांगणारी यादी, त्यांपैकी कोणते वाचावेत हे सुचवणारी निवड आणि निवडलेला ग्रंथ प्रत्यक्ष हाती देणारी उपलब्धता, अशा त्या तीन गोष्टी होत. अव्वल इंग्रजीपासून मराठीत या तिन्ही बहुतांशी वेगवेगळ्या हातांत राहिल्या. यादी सरकारने आणि काही व्रतस्थ सूचिकारांनी केली; निवड पारितोषिक समित्यांनी व नियतकालिकांनी केली; उपलब्धता वाचनालये आणि विक्रेते यांच्यावर सोपवली गेली. या तिन्हींमधल्या फटींत जे ग्रंथ पडले ते वाङ्मयेतिहासातूनही गळाले, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे.

२

मराठी मुद्रित ग्रंथांच्या पहिल्या व्यापक यादीमागची प्रेरणा वाचकाची गरज ही नव्हती. सर अलेक्झांडर ग्रँट हे मुंबई इलाख्याच्या शिक्षण खात्याचे प्रमुख असताना १८६४ अखेरपर्यंतच्या देशी भाषांतील प्रकाशनांची यादी सिद्ध करण्यात आली. त्यानंतर १८६७ च्या २५ व्या कायद्याने प्रत्येक मुद्रित ग्रंथाची नोंदणी आवश्यक ठरली आणि नोंदलेल्या ग्रंथांच्या त्रैमासिक याद्या सरकारी गॅझेटाला जोडून प्रसिद्ध होऊ लागल्या. या याद्यांतील रकाने बोलके आहेत. ग्रंथाचे नाव, भाषा, कर्ता, विषय, मुद्रणस्थळ, पृष्ठसंख्या, आकार, आवृत्ती, छापलेल्या प्रतींची संख्या, किंमत आणि स्वामित्वहक्काचा धनी, इतके सारे त्यांत नोंदले जाई. १८५७ नंतरच्या राज्यकर्त्यांना देशी छापखान्यांतून काय बाहेर पडते आहे हे जाणून घ्यायचे होते, आणि त्या दृष्टीने ही व्यवस्था चोख होती. मात्र ग्रंथ कोठे मिळेल व तो कोणी वाचावा, या प्रश्नांना तीत स्थान नव्हते.

तरीही याच याद्यांमधून मराठी वाङ्मयाला स्वतःचे समग्र चित्र प्रथम पाहता आले, ही गोष्ट महत्त्वाची आहे. न्यायमूर्ती रानडे यांनी १८९८ मध्ये मराठी वाङ्मयाच्या वाढीसंबंधी जे टिपण लिहिले, त्याचा आधार प्रामुख्याने सरकारी याद्यांचाच होता. वाङ्मयाची वाढ विषयवार मोजावी, कोणत्या विभागात भरती आहे व कोणत्या विभागात ओहोटी आहे हे दाखवावे, ही पद्धती त्यातून रूढ झाली. पुढील काळात विभागवार आढाव्याला मराठी वाङ्मयेतिहासात जे प्राधान्य मिळाले, त्याची एक मुळी या नोंदवहीच्या रकान्यांत आहे, असे म्हणण्यास जागा आहे.

सरकारी नोंदीचे रूपांतर अभ्यासकाच्या साधनात करण्याचे श्रेय शंकर गणेश दाते (१९०५-१९६४) यांच्याकडे जाते. त्यांच्या ‘मराठी ग्रंथसूची’च्या पहिल्या भागाने १८०० ते १९३७ या कालखंडातील मुद्रित ग्रंथांची विषयवार नोंद केली. १९६१ मध्ये आलेल्या दुसऱ्या भागाने ती १९५० पर्यंत आणून सोडली. एखाद्या भाषेतील दीडशे वर्षांच्या ग्रंथनिर्मितीची शिरगणती प्रामुख्याने एका व्यक्तीच्या परिश्रमातून व्हावी, ही जितकी अभिमानाची तितकीच संस्थात्मक दारिद्र्याची खूण आहे. दाते यांच्या कार्यामुळे अस्तित्वाचा प्रश्न पुष्कळसा सुटला. अमुक विषयावर मराठीत काही लिहिलेच गेले नाही, असे ठोकून देण्याची सोय त्यांनी नाहीशी केली. तथापि सूची सर्व ग्रंथांना समान न्याय देते. तिच्यात ‘गुलामगिरी’ आणि एखादी व्याकरणाची क्रमिक पुस्तिका यांना सारखीच जागा मिळते. यादीचे सामर्थ्य या निःपक्षपातीपणात आहे आणि तिची मर्यादाही त्यातच आहे. सामान्य वाचक तिच्याकडे वळत नाही, कारण त्याला हवा असतो तो सल्ला.

३

हा सल्ला देण्याची पहिली संस्थात्मक व्यवस्था म्हणजे दक्षिणा प्राइझ कमिटी. पेशवाईत विद्वान ब्राह्मणांना वाटल्या जाणाऱ्या दक्षिणेच्या रकमेचा काही भाग इंग्रजी अमदानीत मराठी ग्रंथांच्या उत्तेजनार्थ वळवण्यात आला. कमिटीने पसंत केलेल्या ग्रंथाला बक्षीस मिळे, आणि त्याच्या छपाईचा मार्ग सुकर होई. जोतीराव फुले यांनी १८५५ मध्ये आपले ‘तृतीय रत्न’ हे नाटक या कमिटीकडे पाठवले आणि ते नाकारले गेले. कमिटीतील ब्राह्मण सभासदांच्या आग्रहापुढे युरोपियन सभासदांचे काही चालले नाही, अशी हकिकत फुले यांनीच ‘गुलामगिरी’त नोंदवली आहे. या नकाराचा परिणाम एका बक्षिसापुरता राहिला नाही. नाटक छापले गेले नाही म्हणून ते यादीत आले नाही. यादीत नाही म्हणून मराठी नाटकाच्या इतिहासाने त्याचा विचार केला नाही. धनंजय कीर आणि स. गं. मालशे यांनी संपादित केलेले फुले यांचे समग्र वाङ्मय १९६९ मध्ये प्रसिद्ध झाले. ‘तृतीय रत्न’ची संहिता मात्र १९७९ मध्ये प्रकाशात आली. दरम्यान सव्वाशे वर्षे लोटली होती, आणि मराठी नाटकाच्या आरंभाची चर्चा या संहितेवाचूनच पुरी झाली होती.

निवडीचे दुसरे साधन नियतकालिक. १८६७ मध्ये सुरू झालेल्या ‘विविधज्ञानविस्तारा’ने पुस्तक परीक्षणाला स्थिर जागा दिली. विष्णुशास्त्री चिपळूणकर यांच्या ‘निबंधमाले’ने (१८७४-१८८१) वाचन आणि ग्रंथांवरील टीका हे स्वतंत्र निबंधाचे विषय केले. मराठी वाचकाने काय वाचावे व ते कसे वाचावे याचा अधिकारवाणीने विचार होण्यास तेथून प्रारंभ झाला. एवढ्यावर न थांबता चिपळूणकरांनी पुण्यात ‘किताबखाना’ हे पुस्तकांचे दुकानही काढले. परीक्षण लिहिणारा हात आणि पुस्तक विकणारा हात एकच असावा, याला व्यापारी हेतूपेक्षा मोठा अर्थ आहे. नुसती शिफारस पुरेशी नाही, शिफारस केलेले पुस्तक नजरेसमोर मांडलेले असले पाहिजे, ही जाण त्यामागे दिसते. निवड आणि उपलब्धता यांची सांगड घालण्याचा मराठीतील हा एक लक्षणीय आरंभीचा प्रयत्न होय.

परंतु निवडीबरोबर वर्जनही येते. फुले यांच्या ग्रंथांचा आणि सत्यशोधक समाजाच्या अहवालाचा ‘निबंधमाले’ने जो समाचार घेतला, त्यातील उपहास सर्वज्ञात आहे. येथे एक उपरोध नोंदवण्यासारखा आहे. प्रतिष्ठित वाचकवर्गापुरते पाहिले तर प्रतिकूल परीक्षणानेही ग्रंथाचे अस्तित्व जाहीर होते. ज्यांनी ‘गुलामगिरी’ कधी पाहिली नसेल, त्यांनाही ती आहे एवढे ‘माले’मुळे कळले. निवड करणाऱ्याचे खरे शस्त्र टीका हे नसून मौन हे आहे. १८८५ च्या ग्रंथकार सभेचे निमंत्रण नाकारताना फुले यांनी रानड्यांना जे पत्र लिहिले, त्यातील आक्षेपाचा रोख या दिशेने लावता येतो. शूद्रातिशूद्रांच्या सुखदुःखाला ज्यांच्या ग्रंथांत जागा नाही, त्यांच्या सभेत सामील होऊन आपल्या ग्रंथांना जागा मिळणार नाही, ही त्यांची भूमिका होती. अभिरुची ठरवणाऱ्या मंडळाची घडणच त्यांनी तपासायला घेतली होती.

४

मौनाचा हा परिणाम ताराबाई शिंदे यांच्या ‘स्त्रीपुरुषतुलना’ या पुस्तकाच्या वाटचालीत स्पष्ट दिसतो. बुलढाण्याच्या या लेखिकेचे पुस्तक १८८२ मध्ये पुण्याच्या श्री शिवाजी छापखान्यात छापले गेले. प्रती ५०० आणि किंमत नऊ आणे होती. म्हणजे मुद्रणाची अडचण येथे नव्हती. नऊ आणे त्या काळच्या मजुराला जड होते, तरी शिक्षित मध्यमवर्गाच्या आवाक्याबाहेरचे नव्हते. फुले यांनी १८८५ मध्ये ‘सत्सार’मध्ये या पुस्तकाची बाजू घेतली. यावरून सत्यशोधकांच्या वर्तुळात ते वाचले जात होते हे सिद्ध होते. पण त्या वर्तुळाबाहेर त्याची शिफारस करणारा कोणी नव्हता. स. गं. मालशे यांनी १९७५ मध्ये ते पुन्हा प्रकाशित करीपर्यंत मराठी निबंधाच्या, स्त्रीवादी विचाराच्या किंवा गद्यशैलीच्या इतिहासाने त्याची दखल घेतल्याचे क्वचितच आढळते.

‘तृतीय रत्न’ आणि ‘स्त्रीपुरुषतुलना’ या दोन उदाहरणांतील भेद लक्षात घेण्याजोगा आहे. पहिल्यात निवडीच्या टप्प्यावरच दार बंद झाले. दुसऱ्यात ग्रंथ छापला गेला, विक्रीला आला, एका वर्तुळात वाचलाही गेला. तरीही पुढच्या पिढीच्या वाचकाकडे त्याचे नाव सोपवणारी साखळी तुटली. पहिल्याला प्रकाशक हवा होता, दुसऱ्याला वाचनाची परंपरा. वाङ्मयेतिहासकार या दोन्ही अवस्थांना ‘दुर्लक्षित’ असे एकच विशेषण लावतो, आणि त्यामुळे दुर्लक्ष नेमके कोठे व कसे घडले हे सांगण्याच्या जबाबदारीतून मोकळा होतो.

५

उपलब्धतेचा इतिहास यादी व निवड यांच्या इतिहासाला समांतर असा चाललेला दिसतो. रत्नागिरी (१८२८), अहमदनगर (१८३८), नाशिक (१८४०), पुणे (१८४८) आणि कोल्हापूर (१८५०) येथील आरंभीची वाचनालये ‘नेटिव्ह जनरल लायब्ररी’च्या धर्तीवर उभी राहिली. त्यांचा आधार वर्गणीदार सभासद हा होता, आणि सभासद प्रामुख्याने इंग्रजी शिकलेला नोकरदार किंवा वकील असे. निव्वळ मराठी ग्रंथांसाठी संग्रहालय असावे, हा विचार ठाणे (१८९३) आणि मुंबई (१८९८) येथील मराठी ग्रंथसंग्रहालयांच्या स्थापनेने साकार झाला. ठाण्याच्या संस्थेच्या संस्थापकांत वि. ल. भावे होते, ही गोष्ट योगायोगाची मानता येत नाही. ‘महाराष्ट्र सारस्वत’ लिहिणाऱ्याला जुने ग्रंथ आधी एकत्र आणावे लागतात. मराठी वाङ्मयेतिहासाचे लेखन आणि मराठी ग्रंथांचे संग्रहण यांची मुळे अशी एकाच जमिनीत आहेत.

वाचकाने ग्रंथालयाकडे जावे याऐवजी ग्रंथालयाने वाचकाकडे जावे, ही कल्पना राज्यसंस्थेच्या पातळीवर बडोदे संस्थानात राबवली गेली. सयाजीराव गायकवाड यांनी १९१० मध्ये विल्यम बोर्डन या अमेरिकी ग्रंथपालास पाचारण करून मध्यवर्ती ग्रंथालयापासून गावच्या वाचनालयापर्यंत एक साखळी उभी केली. पुस्तकांनी भरलेल्या लाकडी पेट्या गावोगाव पाठवल्या जात. या पेटीचा वाङ्मयीन अर्थ समजून घेतला पाहिजे. गावातील वाचकाला संपूर्ण यादी पाहावी लागत नसे व परीक्षणेही वाचावी लागत नसत. कोणीतरी निवडलेली मूठभर पुस्तके त्याच्यापुढे येत, आणि त्यांतून तो स्वतःची निवड करी. यादी, निवड आणि उपलब्धता या तिन्ही गोष्टी त्या पेटीत एकत्र आल्या होत्या. तिची मर्यादाही उघड आहे. पेटी भरणारा वाचकाला ओळखत नव्हता.

मुंबई इलाख्यात फैजी समितीने १९४० च्या सुमारास ग्रंथालयविकासाचा टप्प्याटप्प्याचा आराखडा मांडला. १९६७ च्या महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय कायद्याने पुढे अनुदानाची व्यवस्था लावली. या कायद्यात ग्रंथालय कराची तरतूद नाही. लोकांनी स्थापन केलेल्या संस्थांना वर्गवारीनुसार शासकीय अनुदान, हे त्याचे स्वरूप आहे. त्यामुळे गावोगावच्या वाचनालयांची स्वायत्तता टिकली. मात्र ज्या वस्तीत वाचनालय स्थापन करण्याइतके सामाजिक बळ नव्हते, तेथे कायदाही पोहोचू शकला नाही. ग्रंथखरेदीसाठी शासनमान्य याद्या तयार होऊ लागल्या, परंतु त्यांचा रोख खरेदी करणाऱ्या संस्थेकडे राहिला. कपाटासमोर उभ्या असलेल्या वाचकाला त्या याद्यांचा पत्ताही नसतो.

६

स्वातंत्र्योत्तर काळात वाचकाला पुढचा ग्रंथ सुचवण्याचे काम विक्रेते आणि प्रकाशक यांनी जाणीवपूर्वक हाती घेतले. केशवराव कोठावळे यांनी जानेवारी १९६४ मध्ये सुरू केलेले ‘ललित’ हे याचे ठळक उदाहरण आहे. नव्या ग्रंथांची माहिती, लेखकांविषयीचा मजकूर, खेळकर सदरे आणि चोखंदळ वाचकांच्या निवडीचा उपक्रम यांमधून या मासिकाने ग्रंथांविषयीचे कुतूहल टिकवले. ते ग्रंथविक्रेत्याच्या घरातले आहे, हा त्याच्यावरील आक्षेप नाही. किताबखान्याची परंपराच त्यातून चालू राहिली. पण एस्कार्पीच्या भाषेत बोलायचे तर हे पहिल्या वर्तुळातील संभाषण होते. चोखंदळ म्हणून ज्यांना विचारले जाई, ते आधीच त्या वर्तुळात असत.

वर्तुळ रुंदावण्याचा प्रयत्न सत्तरीच्या दशकाच्या मध्यात ‘ग्रंथाली’ने केला. वाचक चळवळ असे स्वतःचे वर्णन करणाऱ्या या संस्थेने सभासद योजना, सवलतीच्या किमती आणि ग्रंथयात्रा यांच्या साहाय्याने पुस्तक थेट वाचकाकडे नेले. दया पवार यांचे ‘बलुतं’ (१९७८) आणि लक्ष्मण माने यांचे ‘उपरा’ (१९८०) ही तिची प्रकाशने आहेत. दलित आत्मकथनाच्या स्वीकाराची चर्चा सामान्यतः अनुभवाचे नावीन्य आणि भाषेचे सामर्थ्य यांच्या अंगाने होते, आणि ती योग्यच आहे. मात्र या आत्मकथनांना तयार वाचकवर्ग मिळवून देणारी वितरणाची नवी रचना त्याच वेळी अस्तित्वात होती, हेही त्या स्वीकाराच्या स्पष्टीकरणाचा भाग असले पाहिजे.

या रचनेच्याही बाहेर आणखी एक व्यवस्था आहे. नागपूरची दीक्षाभूमी आणि ६ डिसेंबरला दादरची चैत्यभूमी येथे भरणारा ग्रंथबाजार हे तिचे स्वरूप. दूरवरच्या खेड्यांतून आलेली माणसे तेथून बाबासाहेबांचे, फुल्यांचे, बुद्धविचाराचे आणि आंबेडकरी लेखकांचे ग्रंथ पिशव्या भरून नेतात. पुस्तके अभिजनांच्या नियतकालिकांत क्वचितच परीक्षिली गेलेली असतात. अनेकांचे प्रकाशक एका गावापुरते असतात. एस्कार्पीच्या दुसऱ्या वर्तुळात ही व्यवस्था बसत नाही, कारण येथला वाचक निष्क्रिय नाही. तो निवड करण्यासाठीच आलेला असतो. काय वाचायचे हे त्याला सभेतील भाषणाने, कलापथकातील गाण्याने, वस्तीतल्या शिक्षकाने सांगितलेले असते. मौखिक शिफारशीवर उभे असलेले हे तिसरे वर्तुळ आहे. मराठी ग्रहणेतिहासाने त्याची पुरेशी नोंद अजून घेतलेली नाही.

या वर्तुळातील मागणी आणि शासकीय उपलब्धता यांतील दरी २०२१ मध्ये वेगळ्या रीतीने उघड झाली. डॉ. आंबेडकरांच्या लेखन-भाषणांचे खंड महाराष्ट्र शासनाने १९७९ पासून प्रकाशित केले. त्यांची छपाई रखडल्याच्या वृत्ताची मुंबई उच्च न्यायालयाने त्या वर्षी स्वतःहून दखल घेतली. ग्रंथ अस्तित्वात आहे, त्याचे महत्त्व निर्विवाद आहे, वाचक तो मागतो आहे आणि तरीही तो मिळत नाही, अशी ही स्थिती होती. यादी आणि निवड या दोन्ही टप्प्यांवर यशस्वी ठरलेला ग्रंथ तिसऱ्या टप्प्यावर अडू शकतो, याचा याहून स्पष्ट दाखला मिळणे कठीण.

७

दुर्मीळ मराठी ग्रंथांची संगणकीय रूपे आता मोठ्या प्रमाणावर उपलब्ध झाली आहेत. त्यामुळे उपलब्धतेच्या प्रश्नाचे रूप पालटले, हे मान्य केले पाहिजे. दात्यांच्या सूचीतील एखादी नोंद वाचून संबंधित ग्रंथासाठी ठाणे-पुण्याच्या फेऱ्या माराव्या लागत, ती वेळ अभ्यासकावर आता प्रत्येक वेळी येत नाही. परंतु संगणकीय शोधाला ग्रंथाचे वा ग्रंथकर्त्याचे नाव आधी ठाऊक असावे लागते. १९७५ पूर्वीच्या वाचकाला ‘स्त्रीपुरुषतुलना’ हे नावच ठाऊक नव्हते. ग्रंथ सर्वत्र उपलब्ध असता तरी त्याने तो मागितला नसता. वाचनालयात एका पुस्तकासाठी कपाटापाशी जावे आणि शेजारचे दुसरेच हाती लागावे, किंवा रद्दीच्या दुकानात वजनावर विकल्या जाणाऱ्या ढिगातून एखादा ग्रंथ निघावा, या आकस्मिक मार्गांनीही पूर्वी नावे कळत. त्या आकस्मिकतेची जागा कशाने घ्यायची, हा प्रश्न अद्याप उरलेला आहे.

या विवेचनावरून समीक्षेपुरता एक निष्कर्ष काढता येतो. समीक्षक ग्रंथाचे मूल्य ठरवतो, परंतु त्याच्यासमोर येणारे ग्रंथ आधीच तीन चाळण्यांतून आलेले असतात. त्या चाळण्यांची भोके कोणी, केव्हा आणि कोणत्या हेतूने पाडली हे न तपासता दिलेला वाङ्मयीन निवाडा अपुरा राहतो. ‘या काळात या प्रकारचे लेखन मराठीत झाले नाही’ असे विधान करण्यापूर्वी ते लिहिले गेले नाही, छापले गेले नाही, सुचवले गेले नाही की मिळाले नाही, हे चार प्रश्न क्रमाने विचारावे लागतील. विद्यापीठीय अभ्यासक्रमांच्या याद्या हीदेखील आज एक मोठी चाळणी आहे. पदव्युत्तर विद्यार्थ्याच्या हाती पुढचा ग्रंथ बहुधा तिच्यातूनच पडतो, आणि म्हणून हे चार प्रश्न त्या याद्या करणाऱ्यांनाही लागू आहेत.